किल्ल्याचं तळं

दिवाळी होऊन दोन-अडीच आठवडे झाले होते. आकाशकंदील अजून गॅलरीतच लटकत होता, चिवड्याच्या डब्यात तळाशी नुसते शेंगदाणे आणि डाळं उरलं होतं, आणि एका रात्री आई म्हणाली, अंग मोडून आलंय गं. तिचं वय तेव्हा ७३. थंडी पडायला लागली की तिचे गुडघे दुखतातच, त्यामुळे मी फार मनावर घेतलं नाही, तेल चोळून दिलं, सुंठ घालून चहा दिला. खरं म्हणजे थंडी पडलीच नव्हती. स्वेटर काढून उन्हात टाकून झाले होते पण अंगात घालायची वेळ आली नव्हती, आभाळ भरलेलं असायचं, मध्ये दोन दिवस अवकाळी पण येऊन गेला आणि रात्री आम्ही पंखा लावूनच झोपत होतो. पुण्यात नोव्हेंबरच्या शेवटी पंखा! तेव्हा हे नुसतं बोलण्यापुरतं होतं, की काय बाई हवा झालीये. त्याचा आईच्या तापाशी काही संबंध असेल असं डोक्यातसुद्धा आलं नाही.

पहाटे ताप १०३. डोळ्यांच्या मागे कुणीतरी अंगठे दाबून धरलेत असं ती म्हणत होती, आणि हाडं खलबत्त्यात घालून कुटल्यासारखी. आमचं माहेर अकोल्याचं, आजारपणात आईची वऱ्हाडी जास्तच बाहेर येते, "लय दुखून राह्यलं वो बाई" एवढंच परत परत. जवळच्या डॉक्टरांनी घसा बघितला, छाती तपासली, व्हायरल आहे म्हणाले. मी विचारलं होतं की डेंग्यू तर नसेल ना, तर म्हणाले पावसाळा संपून किती दिवस झाले, आता कुठला डेंग्यू. त्यांना दोष द्यायचा नाहीये मला. त्यांच्या जागी मी असते तर मी पण हेच म्हटलं असतं, कारण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आजारांचं एक कॅलेंडर पक्कं बसलेलं आहे, त्यात डेंग्यू गणपतीच्या आसपास येतो आणि दिवाळीला जातो.

चौथ्या दिवशी ताप उतरला. आम्हाला इतकं हलकं वाटलं! आईने दोन घास मुगाची खिचडी पण खाल्ली. आणि संध्याकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले. रात्री दहाला ॲडमिट केलं तेव्हा प्लेटलेट २८ हजार. तिथल्या एका तरुण डॉक्टरने मला बाजूला घेऊन समजावलं की डेंग्यूत खरा धोका ताप उतरल्यावर सुरू होतो, रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं, बीपी घसरतं, आणि नेमकं त्याच वेळी घरचे लोक बरं वाटतंय म्हणून निर्धास्त होतात. मग त्याने विचारलं, तापात काय काय गोळ्या दिल्या? अंगदुखीसाठी घरात होती ती ब्रुफेन मी दोनदा दिली होती. डेंग्यूत ती द्यायची नसते, रक्तस्राव वाढू शकतो, फक्त पॅरासिटामॉल द्यायची. मला माहीत नव्हतं. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

आई वाचली. पाच दिवसांनी घरी आणली. तिला पुढे दोन महिने थकवा होता, केस भसाभसा गळले, पण वाचली.

तिला घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या एक ताई आल्या, हातात टॉर्च आणि खांद्याला पिशवी. पेशंट सापडला की आजूबाजूची घरं तपासायची असतात. त्यांनी आमच्या घरात फ्रिजच्या मागचा ट्रे ओढून बघितला, कुंड्यांच्या ताटल्या बघितल्या, बाथरूममधली बादली, मनी प्लँटची बाटली. सगळं ठीक निघालं आणि खरं सांगते, मला जरा बरं वाटलं, की घाण आमच्याकडे नव्हती. मग त्या खाली गेल्या, मी पण गेले. पार्किंगच्या कोपऱ्यात मुलांनी दिवाळीत केलेला किल्ला अजून तसाच होता. माती खचली होती, अळीव उगवून वाळून गेले होते, मावळे आडवे पडलेले, आणि पायथ्याशी किल्ल्याचं तळं. श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा मातीत पुरून केलेलं तळं, त्यात निळं पाणी असावं म्हणून मुलांनी थोडी रांगोळी पण टाकली होती, ती तळाशी बसलेली. अवकाळीच्या पावसाने ते काठोकाठ भरलं होतं. ताईंनी पिशवीतून एक पांढरी डिश काढली, डब्यातलं पाणी हळूच त्यात ओतलं, आणि म्हणाल्या, बघा.

आधी मला काहीच दिसलं नाही. मग दिसायला लागलं, तांदळाच्या कणीहून बारीक, करड्या धाग्यासारखं काहीतरी, एक, मग पाच, मग मोजता येईनात. डोकं खाली करून लटकल्यासारखे पाण्याच्या पृष्ठभागाला टेकलेले, आणि ताईंनी वरून हात फिरवला, सावली पडली, तसे सगळे वळवळत तळाशी गेले आणि थोड्या वेळाने एकेक करून परत वर यायला लागले, श्वास घ्यायला. दोन-तीन तर स्वल्पविरामासारखे वळलेले, ते कोष, म्हणजे एक-दोन दिवसात उडणार होते. ताई म्हणाल्या, "मॅडम, हे गटारीत होत नाहीत, हे असल्या स्वच्छ पाण्यातच होतात." आणि ती डिश त्यांनी तापलेल्या फरशीवर उपडी केली.

त्या किल्ल्यातूनच आईला झाला असं छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. पण दिवाळीतच आमच्या वॉचमन काकांच्या धाकट्या मुलाला आठवडाभर ताप येऊन गेला होता आणि त्यांची खोली किल्ल्यापासून दहा पावलांवर, आणि आई रोज सकाळी त्याच कोपऱ्यातल्या बाकावर उन्हात बसायची. हा डास दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यावर आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आधी जास्त. मी हे सगळं नंतर एकमेकाला जोडत बसले. आई झोपलेली असायची आणि मी मोबाईलवर वाचत असायचे, आणि वाचता वाचता एक गोष्ट कळली जी मला इतकी वर्षं कुणी सांगितलीच नव्हती. तीच खरं तर इथे लिहायची होती.

आपण म्हणतो डास चावला की डेंग्यू होतो. पण डास सहसा डेंग्यू घेऊन जन्माला येत नाही. एडिस इजिप्ती नावाचा तो पांढऱ्या पट्ट्यांचा काळा डास, त्याची मादी, आधी कुणातरी डेंग्यूच्या पेशंटला चावावी लागते. ते रक्त तिच्या पोटात जातं. लगेच उडून ती दुसऱ्याला चावली तरी सहसा लागण होत नाही. व्हायरस आधी पोटाच्या अस्तरात शिरून वाढणार, मग अंगभर पसरणार, मग तिच्या लाळेच्या ग्रंथीत पोचणार, तेव्हा कुठे तिचा चावा विषारी होतो. या सगळ्याला दिवस लागतात. किती, ते हवेच्या उष्णतेवर ठरतं, कारण डासाला स्वतःची ऊब नसते, हवा जितकी गरम तितकाच तो गरम. २५ डिग्रीला सरासरी १५ दिवस. ३० डिग्रीला साडेसहा.

आता हे बघा की मादी जगते किती. जगली तर दोन-तीन आठवडे, आणि बऱ्याचशा त्याआधीच मरतात, पालीच्या तोंडी, कोळ्याच्या जाळ्यात, आपल्या टाळीत. म्हणजे १५ दिवस लागणार असतील तर बहुतेक माद्या व्हायरस लाळेपर्यंत पोचायच्या आधीच मेलेल्या असतात. साडेसहाच दिवस लागणार असतील तर मात्र खूप जास्त माद्या जिवंत असतात, आणि पुढे आठवडाभर चावत राहतात, आणि ही मादी एका माणसावर पोट भरत नाही, जरा हललं की उडते आणि दुसऱ्याला चावते. डासांची संख्या तितकीच राहू दे, वस्तीत एक डास वाढू नये, तरी नुसती हवा पाच डिग्रीने चढली की आजार कुठल्या कुठे जातो.

मला ते विरजणासारखं वाटलं. तेच दूध, तेवढंच विरजण, थंडीत रात्रभर ठेवून सकाळी बघावं तर नुसतं पाणचट, आणि एप्रिलमध्ये चार तासात दही घट्ट लागतं, जरा उशीर झाला तर आंबट. आपण विरजण वाढवलेलं नसतं. हवेने केलेलं असतं. आणि हवा तापली की अंड्यापासून डास व्हायलाही कमी दिवस लागतात, थंडीत जिथे दोन-तीन आठवडे जातात तिथे आठवडा-दहा दिवसात काम होतं. म्हणून तर आरोग्य खातं सांगतं की आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा, म्हणजे साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करा. तो आठवड्याचा हिशोब अळीच्या वाढीवरून आलेला आहे. मी ती पाटी लहानपणापासून दवाखान्याच्या भिंतीवर वाचत आलेय, पण आठवडाच का, हे कधी विचारलं नव्हतं.

हे दिवसांचं गणित डेंग्यूपुरतंच नाही. रोनाल्ड रॉसने ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादला मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात शोधला ही गोष्ट शाळेत एका ओळीत असते. त्याने हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या पेशंटला एका डासामागे एक आणा देऊन डास चावू दिले, १६ तारखेला. मग तो रोज त्यातले डास कापून बघत राहिला. २० तारखेला, म्हणजे चौथ्या दिवशी, पोटाच्या भिंतीत त्याला त्या वेगळ्या पेशी दिसल्या, आणि दुसऱ्या दिवशीच्या डासात त्याच पेशी आणखी मोठ्या झालेल्या. पेशी दिवसागणिक वाढतायत, हे बघूनच त्याची खात्री पटली. फाल्सिपेरम मलेरियाचा, म्हणजे मलेरियातल्या सगळ्यात घातक प्रकाराचा, जंतू हवा साधारण १६-१८ डिग्रीच्या खाली गेली की डासात वाढतच नाही, म्हणून उंचावरची थंड गावं त्याच्यापासून सुरक्षित राहायची. ती थंडी म्हणजे त्या गावांची तटबंदी होती असं म्हणा ना.

आणि त्या तटबंदीला आता खिंडारं पडतायत. आमचे वॉचमन काका नेपाळचे. आईची चौकशी करायला वर आले होते तेव्हा म्हणाले, आमच्याकडे पण होतो आता, काठमांडूत माझ्या भावाला झाला. मला खरंच वाटेना, १४०० मीटरवरचं काठमांडू, तिथे डेंग्यू? मग वाचलं तर नेपाळमध्ये डेंग्यूचा पहिला पेशंट सापडला तोच मुळी २००४ साली, खाली तराईच्या बाजूला, आणि २०२२ मध्ये तिथे ५४ हजारांच्या वर पेशंट आणि ८८ मृत्यू, त्यातले बरेचसे पेशंट काठमांडूच्या खोऱ्यातले. एका माणसाच्या उमेदीच्या काळात एवढं झालं. काका पुण्यात आले तेव्हा त्यांच्या गावी हा शब्दच कुणाला माहीत नव्हता.

मी अकोल्याची, त्यामुळे एक प्रश्न मला लगेच पडला. हवा गरम म्हणजे डेंग्यू जास्त असं असेल तर मे महिन्यात ४५ डिग्रीला आमच्याकडे काय व्हायला पाहिजे? तर तसं सरळसोट नाहीये ते. या डासाला साधारण २९ डिग्रीच्या आसपास सगळ्यात चांगलं मानवतं, पस्तिशीच्या वर गेलं की तो स्वतःच लवकर मरतो. म्हणजे विदर्भाच्या भर उन्हाळ्यात उघड्यावर त्याचा निभाव लागत नाही. पण तो उघड्यावर राहतच नाही ना. तो आपल्या घरात राहतो, पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांच्या मागे, जिथे आपण स्वतःसाठी गारवा करून ठेवलेला असतो. आणि आमच्याकडे गारवा म्हणजे कूलर. खिडकीत बसवलेला मोठा पत्र्याचा कूलर, दोन्ही बाजूंनी गवताच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, दुपारभर मोटर त्या गवतावर पाणी सोडत राहते आणि ओल्या गवताचा तो वास घरभर, मला अजून त्या वासाने झोप येते. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की कूलर बंद. बंद म्हणजे बटण बंद. टाकीतलं पाणी कोण काढतंय? ते तसंच, वरून पावसाचं पडतं, आणि महिना-दीड महिना ती टाकी खिडकीला टेकून उभी असते, माणसं झोपतात तिथून हातभर अंतरावर. उन्हाळा जितका लांबेल तितका कूलर जास्त दिवस चालणार, आणि तितकी ती टाकी भरलेली राहणार.

पाण्याचंही तसंच. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ चार-पाच दिवसांनी यायचा, आला की घरातलं हरेक भांडं भरायचं, कोठी, पिंप, बादल्या, शेवटी स्वयंपाकघरातली पातेली. पाणी शिळं होतं म्हणून फेकायची कुणाची छाती नव्हती. आई अजूनही ग्लासात उरलेलं पाणी झाडाला घालते, मोरीत ओतत नाही. दुष्काळ म्हणजे डासांना मरण असं वाटतं ना वरवर, पण एडिसच्या बाबतीत उलटंच होतं, पाऊस कमी झाला की घरोघर पिंपं वाढतात आणि त्याला हवंय ते हेच. हा डास मूळचा आफ्रिकेचा, जहाजांवर पिण्याच्या पाण्याची पिंपं असायची त्यातून जगभर पसरला असं मानतात. पिंपातून आला आणि आजतागायत पिंपातच आहे. त्याची अंडी पाण्यात नसतात हे पण मला ताईंकडूनच कळलं, ती पिंपाच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या जरा वर चिकटवलेली असतात, काळ्या ठिपक्यांसारखी, आणि पाणी ओतून दिलं तरी ती तशीच राहतात, कोरडी, सहा-आठ महिने, आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. म्हणून नुसतं ओतायचं नाही, काथ्याने घासायचं.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या आठवड्यात काय काय लिहिलं गेलं ते मी विसरू शकत नाही. मागच्या वस्तीमुळे होतंय हे सगळं, त्यांच्या पिंपांचं काहीतरी करा, तक्रार टाका. किल्ल्याचा फोटो मी टाकला त्याच्याखाली कुणी काही लिहिलं नाही. त्या वस्तीत पाणी एक दिवसाआड येतं, तेही दोन तास. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशी तिथल्याच, त्यांच्या दारात तीन निळी पिंपं आहेत आणि त्यांनी प्रत्येकावर जुन्या साडीचं फडकं ताणून सुतळीने करकचून बांधलंय, मी स्वतः बघितलंय. पिंपं काढा म्हणून त्यांना सांगायचं तर आधी नळ रोज आला पाहिजे. नाहीतर आपण त्यांना नक्की काय सांगतोय? की तहानेने राहा म्हणून? मला याचा मनापासून राग येतो. हवा तापवण्यात ज्यांचा वाटा सगळ्यात कमी, ज्यांच्या घरात एसी तर सोडाच, खिडकीसुद्धा एकच, त्यांच्याच दारात जाऊन आपण आजाराचा पंचनामा करतो. आणि मावशींना ताप आला तर तितक्या दिवसांचा पगार जातो, प्लेटलेट चढवायच्या म्हटलं तर दागिना गहाण.

पुण्यातल्याच आयआयटीएमने, म्हणजे पाषाणच्या हवामान संस्थेने, नेमका पुण्याच्या डेंग्यूचाच अभ्यास केलाय हे कळलं तेव्हा मला फार आश्चर्य वाटलं. सोफिया याकोब आणि रॉक्सी मॅथ्यू कोल यांचा तो पेपर जानेवारी २०२५ मध्ये आला. त्यात निघालं की पावसाळ्यात सरासरी तापमान २७ च्या वर, हवेत ६० ते ७८ टक्के दमटपणा आणि मध्यम, सगळीकडे सारखा पसरलेला पाऊस, हे तिन्ही जुळून आलं की पुण्यात डेंग्यूचे पेशंट आणि मृत्यू वाढतात. आणि आठवड्याला १५० मिलिमीटरच्या वर धो धो पडला तर उलट कमी होतात, कारण अंडी-अळ्या वाहून जातात. म्हणजे वर्षाला किती इंच पडला यापेक्षा तो कसा पडला ते महत्त्वाचं. पुढचे आकडे वाचवत नाहीत, २०४० पर्यंत पुण्यातले डेंग्यूचे मृत्यू साधारण १३ टक्क्यांनी वाढू शकतात, आणि कोळसा-पेट्रोल असंच जाळत राहिलो तर शतकाच्या शेवटी ११२ टक्क्यांपर्यंत. म्हणजे दुपटीहून जास्त. माझ्यासाठी त्या १३ टक्क्यांत एक ७३ वर्षांची बाई आहे जिने चौथ्या दिवशी दोन घास खिचडी खाल्ली होती.

पण त्याच अभ्यासात एक आशेची गोष्ट आहे ती मला जास्त महत्त्वाची वाटते. हवा आणि पाऊस आधी, आजार मागून, यात महिन्यांचं अंतर असतं, त्यामुळे दोन महिने आधी इशारा देता येऊ शकतो. दोन महिने! वादळाचा इशारा आपल्याला चार-पाच दिवस आधी मिळतो आणि तेवढ्यात आपण होड्या किनाऱ्याला लावतो, शाळा बंद करतो. दोन महिन्यात काय काय करता येईल. मात्र त्यासाठी वॉर्डावॉर्डातले पेशंटचे खरे आकडे, वेळच्या वेळी, हवामानवाल्यांच्या हातात पडले पाहिजेत, प्रायव्हेट दवाखान्यांतले सुद्धा. आईची केस कुठे नोंदली गेली म्हणून त्या ताई आल्या. ज्या घरी ताप चार दिवसांनी उतरतो आणि टेस्टच होत नाही ती घरं कुठल्याच यादीत येत नाहीत. आणि ताई स्वतः कंत्राटी. म्हणाल्या, पावसाळ्यात आम्ही जास्त जण असतो, नोव्हेंबरनंतर कमी करतात. त्या दिवशी त्यांच्या एकटीच्या वाट्याला किती घरं होती ते त्यांनी सांगितलं आणि मला पाणी दिल्याशिवाय त्यांना पाठवावंसं वाटलं नाही.

धो धो पाऊस डेंग्यू धुऊन नेतो म्हणून बरं वाटून घ्यावं तर तेही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, आणि पाणी ओसरल्यावर मुंबईत लेप्टोने माणसं गेली. उंदरांचं मूत मिसळलेल्या पाण्यातून लोक तासन् तास चालत घरी गेले होते, पायाला बारीकशी जखम असली तरी तेवढी पुरते. हवा जितकी गरम तितकी वाफ जास्त धरते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. म्हणजे रिमझिम पडला तर डेंग्यू, कोसळला तर लेप्टो, नाहीच पडला तर पिंपं.

सगळं उष्म्याच्या डोक्यावर मारायचं नाहीये मला. २००६ ला चिकनगुनिया आला तेव्हा अकोल्यात आमच्या गल्लीत सकाळी दूध आणायला निघालेली माणसं कमरेत वाकून भिंतीला धरून चालत होती, बाबा दोन महिने शर्टाचं बटण लावू शकत नव्हते. आफ्रिकेतल्या मकोंडे भाषेतल्या त्या शब्दाचा अर्थच वाकून जाणं असा आहे म्हणे. तोच आजार १९७३ मध्ये आपल्या बार्शीत येऊन गेला होता, आणि मग तीसेक वर्षं देशात जवळजवळ दिसलाच नाही. तो परत आला त्यात माणसांचा प्रवास आहे, व्हायरसचं बदललेलं रूप आहे, रस्त्याकडेचे टायर आणि प्लास्टिकचे डबे आहेत. २०२१ च्या जुलैत राज्यातला झिकाचा पहिला पेशंट सापडला तो पुरंदरच्या बेलसरमध्ये, डास तोच, एडिस. कोकणात माकडताप दोडामार्ग-बांद्यापर्यंत आणि गोव्यात सत्तरीत पोचलाय, तो गोचिडीतून होतो, काजूच्या हंगामात बागेत वाकून काम करणाऱ्यांना, तिथे जंगलाचे तुकडे पडलेत हे आधी बघावं लागेल. पण या सगळ्यांच्या खाली आच कुणीतरी मोठी करतंय एवढं नक्की.

जुने लोक म्हणायचे, वैद्यानां शारदी माता, शरद ऋतू ही वैद्यांची आई, त्यांचं घर चालवणारी. पाऊस संपताना, ऊन परत तापताना माणसं आजारी पडणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आशीर्वाद देताना सुद्धा शंभर शरद जग असं म्हणतात, मला वाटतं तो ऋतू निभावला की वर्ष निभावलं असा त्यात अर्थ असणार. ते त्यांचं कॅलेंडर होतं आणि ते अनुभवातून आलेलं होतं, चुकीचं नव्हतं. फक्त आता शरद कार्तिकात संपत नाही, मार्गशीर्षातही पंखा फिरत असतो आणि आपण मात्र स्वेटर उन्हात टाकून निर्धास्त. नुसतं आईच्या डॉक्टरांचं नाही, नुसतं माझं पण नाही, आपल्या सगळ्यांचंच पंचांग मागे पडलंय. आता मी डिसेंबरात पण ताप आला की तिसऱ्या दिवसाच्या आत एनएस१, म्हणजे डेंग्यूची रक्ताची टेस्ट, करून घ्या म्हणून सगळ्यांना सांगते, दोन-तीन जणांनी ऐकलं पण.

गेल्या दिवाळीत मुलांनी पुन्हा किल्ला केला, या वेळी प्रतापगड. आई बाकावर बसून बघत होती. तळ्याची वेळ आली तेव्हा मुलं माझ्याकडे बघायला लागली, मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, पाणी टाका रे, तळं कोरडं कसं चांगलं दिसंल. पोरं खूश. मग रोज संध्याकाळी पणत्या लागल्या की ती हळूहळू खाली उतरायची, जिन्याचा कठडा धरून, वाकून तळ्यातला डबा मातीतून उचलायची, पाणी तुळशीपाशी ओतायची, आणि पदराला खोचलेला काथ्या काढून डबा आतून घासायची, काठापासून बुडापर्यंत, परत काठापर्यंत. मग तोच डबा नळाखाली भरून पुन्हा जागेवर. दुसऱ्या दिवशी मुलांनी विचारलं, आजी, रोज काहून घासता? तिची बोली त्यांनी उचलली होती. ती म्हणाली, "इकडं ये, दाखवतो तुले," आणि डब्याच्या काठाला आतल्या बाजूने नख लावून त्यांना दाखवायला लागली, कुठे असतात ते ठिपके.